फेरीतला शेवटचा माणूस

ही गोष्ट रंगवून सांगावी असं कुणीकुणी म्हणालं. रंगवली तर आत्याचा अपमान होईल. म्हणून जशी घडली तशीच सांगते. आत्या हयात आहे. घड्याळजी हयात आहेत. त्या संध्याकाळी फेरीला आलेली अकरा माणसं अजून आपापल्या घरी राहतात, वाचनालयाच्या वहीत त्यांच्या सह्या आहेत. ज्याला खोटं वाटेल त्याने जाऊन विचारावं.

दिवस रविवारचा. महिना थंडीचा. वेळ संध्याकाळी साडेचार ते सहा.

म्हणजे उजेड होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण अंधारात माणसाला काहीही ऐकू येतं म्हणणारे फार भेटतात.

जागा म्हणजे पाण्याकाठचा जुना भाग. एका बाजूला दगडी धक्का आणि संथ पाणी, दुसऱ्या बाजूला अंग चोरून उभी असलेली अरुंद घरं. एके काळी इथे होड्यांतून धान्य, मीठ, दोरखंड उतरायचे. धक्क्यावर दर वीस पावलांवर होड्या बांधायचे लोखंडी खुंट अजून रोवलेले आहेत. होड्या गेल्या, खुंट राहिले.

माझी आत्या आणि आतोबा, म्हणजे तिचे यजमान, एकवीस वर्षं दर रविवारी इथून लोकांना फिरवायचे. वाचनालयाचा उपक्रम होता. नाव 'रमतगमत फेरी'. थांबे आठ. घाईतला माणूस हे अंतर वीस मिनिटांत संपवेल. ही दोघं पावणेदोन तास लावायची.

आत्या पुढे. बोलायचं काम तिचं.

आतोबा सगळ्यात मागे. कुणी मागे राहत नाही ना, हे बघायचं काम त्यांचं.

रस्ता वळणांचा. लोक खिडक्यांचे फोटो काढत रेंगाळतात. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. आत्या थांब्यावर पोचली की गप्प उभी राहायची. सगळे आले, आपल्यामागे कुणी उरलं नाही, हे बघून आतोबा काठीच्या लोखंडी टोकाने जवळच्या खुंटावर दोनदा ठोकायचे.

ठक. ठक.

म्हणजे, आले सगळे. बोल आता.

कुणी विचारलं की आत्या म्हणायची, "ते आमचं शेपूट." आतोबा मागून ओरडायचे, "शेपूट आहे म्हणून तर तोल आहे!"

एक गोष्ट मात्र लोकांना कळायची नाही.

आतोबा रुसले की ठोकायचे नाहीत.

नुसते येऊन उभे राहायचे, पाण्याकडे तोंड करून. आणि आत्या वळून बघायची नाही. थोडा वेळ वाट पाहायची आणि सरळ बोलायला लागायची. त्यांनी ठोकायचं नाही, हिने वळायचं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांनी अवाक्षर न काढता केलेला करार. रात्री जेवताना कुणीतरी मीठ मागायचं आणि करार मोडायचा.



फेरीच्या आधी सांगायला हवं ते

त्या संध्याकाळच्या चौदा महिने आधीचा एक रविवार.

दुपारी फेरीला निघताना भांडण झालं. कारण एवढंसं. आदल्या आठवड्यात चौथ्या थांब्यावर आत्या म्हणाली होती, वजनघर बांधायला सत्तर वर्षं लागली. आतोबा मागून ओरडले, "सतरा!" लोक हसले. आठवडाभर ते हसू आत्याच्या कानात राहिलं, आणि रविवारी बुटांचे बंद बांधताना बाहेर पडलं.

"चारचौघांत माझी चूक काढायची गरज होती?"

"चूक होती म्हणून काढली."

"तुम्हाला मागे राहायचं काम दिलंय ना? मग मागेच राहा."

आतोबांनी काठी उचलली आणि जिना उतरून गेले.

पुलापाशी ते आले होते, लांब, पाण्याकडे तोंड करून उभे. पण त्या संध्याकाळी एकाही थांब्यावर ठकठक झाली नाही. पहिल्या नाही, दुसऱ्या नाही. आत्याच्या मनात आलं, रुसलेत. रुसू देत. ती आठ थांबे चालली, आठ थांबे बोलली, एकदाही वळली नाही.

आठव्या थांब्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पांगले. मग ती वळली.

मागे कुणी नव्हतं.

घरी गेले असतील, म्हणून ती घरी आली. घराला कुलूप. वरच्या मजल्यावर वन्सं राहायच्या, आतोबांची थोरली बहीण. त्यांच्याकडेही नाही. मग धावाधाव. धक्क्यावरचे गस्तवाले आले, होडी काढली. त्यांच्या मुकादमाने वही उघडून विचारलं, "बाई, कुठपर्यंत होते तुमच्याबरोबर?"

वन्सं शेजारीच उभ्या होत्या. आत्याकडे बघत होत्या.

पावणेदोन तास मी मागे वळून पाहिलं नाही, हे वाक्य आत्याच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच राहिलं.

"सहाव्या थांब्यापर्यंत होते," ती म्हणाली. "ठकठक ऐकली मी."

सहावाच का, हे तिला आजही सांगता येत नाही. तोंडातून तो आकडा निघाला. मुकादमाने तो लिहून घेतला.

आणि होडी सहाव्या थांब्यापासून पुढे शोधत गेली. रात्रभर पुढे.

आतोबा पहाटे सापडले. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये. तिथे धक्क्याच्या भिंतीच्या पोटात पाण्यात उतरणारा एक जुना जिना आहे. कठड्यावरून वाकून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. ते का उतरले, कुणालाच कळलं नाही. शेवाळावरून पाय गेला असावा. उजवा पाय मोडला होता. अर्धं अंग पाण्यात, एक हात भिंतीतल्या लोखंडी कड्यात अडकवलेला. काठी सापडलीच नाही.

लोक म्हणाले, काहीतरी विसरलं असेल, मागे फिरले असतील. लोक स्वतःच उत्तर शोधतात.

डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेतलं. हळूच म्हणाले, "चार-पाच तास तरी जिवंत होते."

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. मोडलेल्या पायाचीही नाही. घरी येऊन म्हणाली, "लगेच गेले. काही कळलं नसेल त्यांना."

वन्सं म्हणाल्या, "तेवढं तरी बरं झालं गं."

चौदा महिने त्या 'बरं झालं'वर दोघी एका घरात राहिल्या.



थांबा पहिला : लाकडी पूल

घड्याळजी आतोबांचे शाळेपासूनचे मित्र. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं, आता हात थरथरतो म्हणून बंद केलंय. एक गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र थांबत नाही. त्यांनीच आत्याच्या मागे लागून फेरी पुन्हा सुरू करवली.

"वहिनी, घरात बसून तुम्ही भिंतींची पाठांतरं घेताय. चला. पुढे तुम्ही, मागे मी."

"तुमचा गुडघा?"

"तो तर मागे राहण्यात तरबेज आहे."

काठी त्यांच्याकडे नव्हती, छत्री होती. छत्रीच्या टोकाला रबराची टोपी. त्यांनी पुलाजवळच्या खुंटावर ठोकून दाखवलं.

ठप. ठप.

आत्याला हसू आलं. चौदा महिन्यांनी आलं. "हे काय, पोतं आपटल्यासारखं!"

"वहिनी, उधारीचं शेपूट आहे. सांभाळून घ्या."

अकरा माणसं जमली. त्यांतली दोनच लक्षात ठेवा. टोपी घातलेले एक चौकस गृहस्थ, आणि लाल स्कार्फवाली एक मुलगी, जी कुणाशीच बोलत नव्हती.

आतोबांच्या अक्षरातली कार्डं आत्याच्या हातात होती. दर थांब्याला एक कार्ड. पहिल्यावर लिहिलं होतं, 'पुलाच्या फळ्या दर बारा वर्षांनी बदलतात. घाई नको.'

घाई नको, हे आठही कार्डांवर होतं.



थांबा दुसरा : दोरवाल्यांची गल्ली

ठप. ठप.

सगळं ठीक. ऊन पिवळं पडलेलं. आत्याचा आवाज लागला.



थांबा तिसरा : गोदामं

ठप. ठप.

आत्या बोलायला लागली. माल वर कसा ओढायचे, कोणत्या खिडकीतून आत घ्यायचे. हात वर करून ती कप्पीची जागा दाखवत होती, आणि...

शेवटच्या गोदामाच्या कोपऱ्यामागून...

ठक. ठक.

लोखंडावर लोखंड. स्वच्छ.

आत्याचा हात वरच राहिला.

वाऱ्याने काहीतरी आपटलं असेल. तिने पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती.

घड्याळजी कानाला हात लावून उभे होते, ऐकू येत नसल्यासारखे. बाकी कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त लाल स्कार्फवाली मुलगी मागे वळून कोपऱ्याकडे बघत होती.

"तर... कप्पी," आत्या म्हणाली.



थांबा चौथा : वजनघर

इथे ती लवकर पोचली. मुद्दाम नाही, पाय आपोआप उचलले गेले. टोपीवाले आणि चार-पाच जण तिच्याबरोबर आले. बाकीचे वळणाआड होते, घड्याळजी त्यांच्याही मागे.

ती गप्प उभी राहिली. रीत ती रीत.

ठक. ठक.

सवय एवढी वाईट असते... ती बोलायला लागली. "हे वजनघर. होडीतला प्रत्येक दाणा इथे तोलला जायचा. ही इमारत उभी राहायला सत्तर वर्षं लागली."

टोपीवाल्यांनी वहीत लिहिलं. मग थांबले. लिहिलेलं खोडलं.

"सतरा ना?" ते म्हणाले.

"काय?"

"नाही, तुम्ही सत्तर म्हणालात. मागून ते म्हणाले, सतरा."

"कोण म्हणालं?"

टोपीवाल्यांनी मागे पाहिलं. मागे रिकामा रस्ता होता. वळणावरून बाकीची माणसं आत्ता कुठे येत होती.

"इथेच आवाज आला... वयस्क गृहस्थाचा. मला वाटलं तुमचे मदतनीस."

सगळ्यात शेवटी घड्याळजी आले, धापा टाकत. "अहो वहिनी, थांबा की! मी ठोकायच्या आधीच सुरुवात?"

"तुम्ही ठोकलंत ना आत्ता?"

"मी? मी त्या वळणापलीकडे होतो." त्यांनी रिकामे हात पुढे केले. "आणि छत्री तर मघाशी गोदामापाशीच विसरलो. परत जाऊन आणायची होती, पण..."

"पण काय?"

घड्याळजी काही बोलले नाहीत. त्यांना गप्प राहिलेलं आत्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं," ती टोपीवाल्यांना म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "सतराच वर्षं."



थांबा पाचवा : पुराच्या खुणांची भिंत

भिंतीवर कोणत्या वर्षी पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा आहेत. लोक आपापल्या उंचीची रेघ शोधत होते, हसत होते. घड्याळजी आत्याजवळ आले. अगदी जवळ.

"वहिनी, मी शेवटचा आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्यामागे फेरीतलं कुणी नाही ना?"

"नाही."

"मग माझ्या मागे कोण चालतंय?"

आत्याने पुढचं कार्ड वर काढलं.

"गोदामापासून चालतंय. मी थांबलो की थांबतं. वळलो की काही नाही. पण बूट आहे, हे नक्की. एक पाऊल टाकल्याचा आवाज येतो..." ते आणखी हळू बोलू लागले, "आणि दुसरं ओढल्याचा."

"कोणतं?" आत्याने विचारलं.

विचारून झाल्यावर तिला कळलं, असा प्रश्न कुणी विचारत नाही.

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर बारीक काट्यांकडे बघितलेले डोळे ते. "उजवं," ते म्हणाले. "तुम्हाला काय ठाऊक?"

"चला," आत्या म्हणाली. "उजेड जाईल."



पाचवा आणि सहावा यांच्या मध्ये

इथे थांबा नाही.

इथे कार्ड नाही.

आत्या कठड्याच्या कडेने चालली. वाकली नाही. जिना आला, जिना गेला. साठ पावलं.

मागून अकरा माणसांची पावलं. त्यांच्यामागे घड्याळजींची. त्यांच्यामागे...

ती वळली नाही. भीतीने नाही, असं ती सांगते. वळायचं राहून गेलं होतं, ते आता कोणत्या तोंडाने वळायचं?



थांबा सहावा : पाण्याचं दार

इथे वरच्या कालव्याचं पाणी एका मोठ्या लाकडी दारातून खालच्या कालव्यात पडतं. रात्रंदिवस धो धो. एकवीस वर्षं आत्या इथे घसा ताणून बोलत आली. हातभरावरच्या खुंटावरची ठकठक तेवढी कळायची; त्यापलीकडे कुणी ओरडलं तरी ऐकू येत नाही, असा आवाज.

त्या दिवशी इथे आवाज नव्हता.

दार दुरुस्तीसाठी बंद केलं होतं. वरचं पाणी अडवलेलं. भिंतीला पत्र्याची पाटी, 'काम चालू'.

एवढी शांतता तिने त्या जागी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी खिशातल्या किल्ल्या वाजल्या, त्याही ऐकू आल्या.

घड्याळजी पोचले. त्यांच्याकडे छत्री नव्हती. त्यांनी तळहाताने खुंटावर दोनदा थोपटलं.

आत्या वाट बघत उभी राहिली. लोक तिच्याकडे बघत होते. तिने कार्ड समोर धरलं होतं. अक्षरं दिसत होती, लागत नव्हती.

आणि मग...

साठ पावलं मागून. खालून. भिंतीच्या पोटातून.

ठक.

दोन नाही. एक.

मग खूप वेळ काही नाही.

ठक. ठक. ठक.

मग पुन्हा एक.

दम लागलेल्या माणसाचं ठोकणं. सगळे आले, बोल आता, असं ते सांगत नव्हतं. कुणीतरी या, असं ते म्हणत होतं.

अकराही माणसांनी ते ऐकलं. टोपीवाले म्हणाले, "खाली कुणीतरी आहे." लाल स्कार्फवाली मुलगी कठड्याकडे धावली, वाकली. घड्याळजी लंगडत तिच्यामागे गेले. दोघं खाली बघत राहिले.

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "जिना रिकामा आहे."

"कडं हलतंय," घड्याळजी म्हणाले.

पाणी आरशासारखं होतं. भिंतीतलं लोखंडी कडं एकटंच मागेपुढे हलत होतं.

ठक. ठक.

ठक.

म्हणजे ते ठोकत होते. त्या दिवशी ते ठोकत होते. ती इथे, याच खुंटापाशी उभी होती, साठ पावलांवर, आणि पाणी धो धो पडत होतं, आणि तिला वाटलं होतं, रुसलेत.

आत्याने कार्ड खाली केलं. शेवटी एकदाची ती वळली.

"अहो," ती म्हणाली.

चौदा महिन्यांत हा शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता.

"अहो, मी वळले नव्हते. तुम्ही कुठे राहिलात ते मी बघितलंच नाही. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. सहाव्यापर्यंत होते म्हणून मी सांगितलं, ते खोटं होतं. माझ्यामुळे सगळे पुढे शोधत गेले. तुम्ही इथे होता. तुम्ही पहाटेपर्यंत इथे होता."

वाक्य संपायच्या आत आवाज थांबला होता. नेमका कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही.

टोपीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली.

घड्याळजी कठड्याला धरून खाली बसले. दगडावरच बसले.

"मी होडीत होतो, वहिनी," ते म्हणाले. "कंदील माझ्याच हातात होता. मी त्याच्या नावाने हाका मारत होतो. आणि पुढे पुढे जात होतो."

त्यांनी आत्याला एका शब्दानेही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणते.



थांबा सातवा

कुणी गेलं नाही.



थांबा आठवा

घरी येऊन आत्या बूट न काढता वरच्या मजल्यावर गेली. वन्सं खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होत्या.

"वन्सं, मला बोलायचंय."

तिने सगळं सांगितलं. दुपारचं भांडण, न वळणं, मुकादमाची वही, चार-पाच तास. काही वगळलं नाही.

वन्संच्या हातातला लोकरीचा गुंडा मांडीवरून खाली पडला, दारापर्यंत घरंगळत गेला. कुणी उचलला नाही.

वन्सं खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लहानपणी रुसला की माळ्यावर जाऊन बसायचा तो. जेवायला खाली यायचा नाही. आई म्हणायची, बसू दे, भूक लागली की येईल." मग त्यांनी आत्याकडे पाहिलं. "मीच जायचे दरवेळी. मला माहीत होतं, तो येत नसतो. त्याला आणावं लागतं."

"वन्सं..."

"तू खाली जा आता."

महिन्याभरात वन्सं भाचीकडे राहायला गेल्या. आतोबांचा फोटो घेऊन गेल्या. जाताना आत्याला म्हणाल्या, "जेवत जा वेळेवर." रागाने नाही, मायेनेही नाही. शेजारणीला म्हणावं तसं.



यानंतर

आत्याला वाटलं होतं, खरं सांगितलं की काहीतरी होईल. मोकळं वाटेल, किंवा शिक्षा मिळेल. आतोबा शांत होतील, किंवा आणखी चिडतील.

पुढच्या रविवारी ती एकटीच सहाव्या थांब्यावर गेली.

दार दुरुस्त झालं होतं. पाणी पुन्हा पडत होतं. धो धो.

आता काही ऐकू येण्याची सोय नव्हती. ते ठोकत आहेत आणि पाण्यात विरतंय? का आता ठोकतच नाहीत? नसतील, तर गेले म्हणून नाहीत, की रुसले म्हणून?

तिने पाणी खात्याला अर्ज केला. रविवारी संध्याकाळी एक तास दार बंद ठेवावं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'घरगुती'. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, तशी तरतूद नाही.

तरी ती जाते. दर रविवारी. पुढच्या फेऱ्या आता वाचनालयाची दुसरी माणसं नेतात. ती सहाव्यालाच राहते. घड्याळजी कधी येतात, बाजूला उभे राहतात, बोलत नाहीत. ते बोलत नाहीत, याची आत्याला सवय होत नाही.

गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले होते.

ती खुंटाशी गुडघे टेकून बसली होती. तळहात लोखंडावर ठेवलेला. डोळे मिटलेले. पाण्याचा आवाज इतका की मला तिच्या कानाशी वाकावं लागलं.

"आत्या, चल. थंडी वाढतेय."

तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या हाताशेजारी खुंटावर ठेवला.

"कानाने कळत नाही," ती ओरडून म्हणाली. "हाताने कळतं का बघ. माझे हात आता म्हातारे झाले. मला जे लागतं ते खरं की मनाचं, समजत नाही. तू सांग. तू म्हणशील ते मी धरून चालेन."

मी हात ठेवला.

लोखंड बर्फासारखं होतं. आत बारीक थरथर होती. पाण्याची. एवढं पाणी पडतं म्हटल्यावर थरथर असणारच. सलग, अखंड, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी.

आणि त्या सलग थरथरीत...

मी तळहात आणखी दाबला.

एक.

मग बराच वेळ काही नाही.

मग तीन.

आत्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मुकादमाने वही उघडून धरावी तशी, वाट बघत. सत्तरीला आलेली बाई. मी हो म्हटलं असतं तर ती त्या खुंटापासून कधी उठली नसती. थंडीत नाही, पावसात नाही.

"काही लागतंय?" तिने विचारलं.

"नाही गं आत्या," मी म्हणाले. "पाणीच आहे नुसतं."

तिने मान हलवली. माझा हात धरून उठली, कपडे झटकले. आम्ही घराकडे निघालो. ती पुढे, मी मागे.

साठ पावलांवर तो जिना आला. मी कठड्यावरून वाकले नाही.

आज शनिवार आहे. उद्या ती मला विचारेल, येतेस का. काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.